आमची वाटचाल: दोन नॉब, एक शेड

कोल्हापुरात हीटर म्हटलं की बादलीत सोडायची कॉइल. मी उद्यमनगरात वडिलांच्या लेथवर शिकलो आणि पोट भरलं ते बर्मिंगहॅमला एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे हीटर दुरुस्त करून, हे घरी अजून कुणाला नीट समजावता आलेलं नाही.

2005 ला लाँगब्रिजच्या मोटार कारखान्याचं गेट बंद झालं, तिथले एक सरदारजी आणि मी मिळून शेड घेतली. त्यांनी 7/16 चा एक पाना अर्ध्यात कापून, तापवून वाकवला होता, बल्कहेडच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, कोपऱ्यातल्या नटापर्यंत दुसरं काही पोचतच नाही. तो पाना आजही माझ्याच खिशात असतो, पोरांना हात लावू देत नाही.

आता मूळ मुद्दा, हा हीटर चालतो कसा. या गाडीत गरम-गार हवा मिक्स होत नाही हो! एक नॉब सिलेंडर हेडवरचा, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागावरचा, व्हॉल्व्ह केबलने उघडतो, म्हणजे हीटरमध्ये गरम पाणी किती जायचं ते ठरतं, दुसरा नॉब झडप फिरवतो, हवा काचेला की पायाला की बंद. बाहेरची हवा काचेपुढच्या जाळीतून येते, गाडी पळत असली की पंखा नसला तरी येते. बस्स एवढंच आहे. पण केबलचं बाहेरचं कव्हर क्लिपमधून दोन सूत सरकलं की नॉब पूर्ण फिरतो आणि व्हॉल्व्ह अर्धाच, मग जुलैत पाय भाजतात, जानेवारीत काकडतात, आणि लोक म्हणतात हीटरच भिकार. सुरुवातीच्या गाड्यांना तर हा हीटर जादा पैसे मोजून घ्यावा लागायचा, भिकार असता तर कुणी घेतला असता?

हेच "भिकार" आमच्या गल्लीतल्या समोरच्या गॅरेजवाल्याने गिऱ्हाइकांना शिकवलं. तो मूळचा हीटर बंद करून इलेक्ट्रिकचा डबा बसवून द्यायचा, पैसे आमच्या दुप्पट.

आणि अशाच एका हिवाळ्यात आमचं दिवाळं निघायची वेळ आली. एका सप्लायरकडून नवीन बनावटीचे चाळीस व्हॉल्व्ह घेतले, आतला रबरी पडदा महिन्याभरात फाटायचा, कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, सगळं इंजिनवर. रोज एक फोन, कधी दोन, एकाचं तर हेड गॅस्केट गेलं. सप्लायर म्हणे तुम्हीच जास्त आवळलं. जास्त आवळलं! वीस वर्षं पाने फिरवलेल्या माणसाला! सगळे फुकट बदलून दिले, व्हॅन विकली, सरदारजींनी दोन महिने पगार घेतला नाही, आणि समोरचा चहा पीत बघत उभा. त्याने आमची गिऱ्हाइकं नावानिशी फोडली, ते मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

टिकलो ते एका बाईंमुळे. रिटायर्ड हेडमिस्ट्रेस, 1969 ची जीटी, म्हणजे पक्क्या छताची एमजीबी. त्यांचाही व्हॉल्व्ह फुटलेला, तरी गाडी टो करून आमच्याकडेच आणली आणि म्हणाल्या, चुकलं तर दुरुस्त करा, पण डबा बसवू नका. त्या रात्री जुने मूळ व्हॉल्व्ह उघडले, आतली पडदा टेकायची बैठक लेथवर साफ केली, पडदा जाड रबराचा कापून घातला. बाईंचा अजून गळलेला नाही.

पुढची वर्षं ठीक गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

हां, ज्यांच्याकडे ही गाडी आहे त्यांनी उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा गरमचा नॉब पूर्ण फिरवा, नाहीतर व्हॉल्व्ह जाम होतो. जाळीखाली पाणी जायची नळी असते, ती पानांनी तुंबते आणि कार्पेट ओलं होतं, मग छतातून गळतंय म्हणून छत बदलता! हिवाळ्यात 88 डिग्रीचा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनचं पाणी किती तापू द्यायचं ते ठरवणारा व्हॉल्व्ह, घाला, 74 चा ठेवून हीटरला शिव्या देऊ नका.

समोरच्याने मागच्या नोव्हेंबरात एक एमजीबी पाठवली. डबा काढून मूळ हीटर बसवायचा होता. बसवला, बिल पूर्ण लावलं, सरदारजी म्हणाले व्हॅनचे पैसे पण लाव.