लोणारच्या प्लेटवर आयोडीन फसवतं तेव्हा

पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्राच्या एमएस्सी प्रकल्पांत लोणारचं पाणी हमखास असतं. 2020 च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं, तेव्हा तो रंग मीठप्रेमी हॅलोआर्कियांचा असल्याचं इथल्याच आघारकर संशोधन संस्थेने दाखवलं होतं. नमुना आणायचा तर आधी वनविभागाची परवानगी घ्या, ते अभयारण्य आहे.

पाण्याचा सामू 10 च्या आसपास. गोची इथेच होते, कारण पुस्तकातल्या बहुतेक चाचण्या सामू 7 गृहीत धरून लिहिलेल्या असतात.

अमायलेज म्हणजे स्टार्च पचवणारा एन्झाइम. जिवाणू तो सोडतात का, हे बघायच्या एक लिटर माध्यमाचं प्रमाण असं: स्टार्च 10 ग्रॅम, पेप्टोन 5, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट 5, डायपोटॅशियम फॉस्फेट 1, मॅग्नेशियम सल्फेट 0.2, अगार 20 ग्रॅम, हे सगळं 900 मिली पाण्यात. सोडियम कार्बोनेट 10 ग्रॅम, वेगळ्या 100 मिली पाण्यात. दोन्ही वेगवेगळं ऑटोक्लेव्ह करायचं, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक. एकत्र केलंत तर माध्यम तपकिरी होतं आणि तळाशी साका बसतो. मिसळताना दोन्ही बाटल्या 60 अंशांवर हव्यात. कार्बोनेट गार असेल तर अगारच्या गुठळ्या होतात. प्लेट गोठल्यावर सामूची पट्टी पृष्ठभागावर टेकवून बघाच. उघड्यावर ठेवलेली प्लेट हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषते आणि तिचा सामू हळूहळू उतरतो, म्हणून पिशवीत बंद करून 37 अंशांवर ठेवा.

आता मुख्य फसगत. एरवी आयोडीनने स्टार्चला निळा रंग येतो आणि जिथे स्टार्च पचलंय तिथे वसाहतीभोवती स्वच्छ वलय उरतं. इथे मात्र 48 तासांनी प्लेटवर आयोडीन ओतलं की निळा रंग येतच नाही. तपकिरी द्रव बघता बघता फिका पडतो आणि सगळी प्लेट स्वच्छ दिसते. वहीत लिहिलं जातं, ‘अमायलेज भरपूर’. खरं तर स्टार्च जागच्या जागी आहे; संपलंय ते आयोडीन. अल्कलीत त्याचं आयोडाइड आणि आयोडेट होतं, मग स्टार्चच्या वेटोळ्यात शिरून निळा रंग द्यायला काही उरतच नाही. काहीही न पेरलेली एक प्लेट शेजारी ठेवली असती, तर हे दोन मिनिटांत कळलं असतं. ती प्लेट वगळणं मला अक्षम्य वाटतं.

उपाय सोपा आहे. आधी प्रत्येक वसाहत टूथपिकने दुसऱ्या प्लेटवर उतरवून घ्या, कारण पुढे ती मरणार आहे. मग 1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल 10 मिली ओता. पृष्ठभागावर बारीक बुडबुडे फसफसतात. 20 मिलीच्या प्लेटमधलं कार्बोनेट पूर्ण मारायला साधारण 4 मिली आम्ल पुरतं, पण ते आत झिरपायला वेळ लागतो, म्हणून जास्त घ्यायचं. फसफस थांबली की आम्ल ओतून टाका आणि मगच आयोडीन. आता निळ्या पार्श्वभूमीवर जे वलय उमटेल, ते खरं.

प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं पचवणारा एन्झाइम, शोधायच्या दुधाच्या प्लेटचंही तसंच. सामू 10 ला केसीन या दुधातल्या प्रथिनाचे कण विरघळू लागतात, प्लेट आपसूकच अर्धपारदर्शक होते आणि वलय हरवतं. 10 टक्के ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल ओतलं की न पचलेलं केसीन पांढरं फटक होतं. हातमोजे घाला, हे आम्ल कातडी जाळतं.

वलय दिसल्यानंतर पेशी काढून टाकलेल्या द्रवात प्रोटिएजचं मोजमाप. अॅझोकेसीन (रंग जोडलेलं केसीन) वापरा आणि बफर ग्लायसीन-सोडियम हायड्रॉक्साइडचा घ्या. फॉस्फेट बफर सामू 10 ला काहीच सांभाळत नाही. ब्लँकसाठी, म्हणजे एन्झाइम बंद पाडलेल्या तुलनेच्या नळीसाठी, द्रव नुसता उकळू नका, उष्णता सोसणारा एन्झाइम त्यातूनही वाचू शकतो. ब्लँकमध्ये ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल आधी घाला आणि एन्झाइम नंतर.

प्रोटिएज सेरीन गटातलं, म्हणजे सेरीन या अमिनो आम्लाच्या जोरावर काम करणारं आहे का, हे पीएमएसएफने (त्या सेरीनला चिकटून एन्झाइम बंद पाडणारं रसायन) तपासताना अजून एक खाच आहे. पाण्यात सामू 8 आणि 25 अंशांवरच त्याचं अर्धायुष्य सुमारे 35 मिनिटं, सामू 10 ला त्याहूनही कमी. म्हणून सामू 7 ला 1 मिलिमोलर पीएमएसएफसोबत एन्झाइम आधी मुरू द्या, मग अल्कली बफरमध्ये मोजा. फ्लुओरोफॉस्फोनेट प्रोब, म्हणजे सक्रिय एन्झाइमवर खूण लावणारे रेणू, हेही याच सक्रिय सेरीनला चिकटतात. घडी उलगडलेल्या, निष्क्रिय एन्झाइमला नाही.

उनकेश्वरसारख्या गरम झऱ्यातल्या जिवाणूंवर काम असेल तर ट्रिस बफरवर नजर ठेवा. दर अंशाला त्याचा सामू सुमारे 0.028 ने घसरतो. 25 अंशांवर 8 ला लावलेला बफर 65 अंशांवर 6.9 च्या जवळ येतो. सामू लावायचा तो चाचणीच्या तापमानालाच.