घरचं डायल-अप, नोंद ४: कॉल लागतो, पण नाव सापडत नाही

मागच्या वेळी सिस्को २५११ या माझ्या जुन्या राउटरवर पहिला कॉल लागला होता. मोडेम किंचाळतात, पासवर्ड पास होतो, लॅपटॉपला आयपी मिळतो. पण ब्राउझरमध्ये नाव टाकलं की ढिम्म. आकड्यांनी पिंग मात्र झकास जातं.

नव्याने येणाऱ्यांसाठी मांडणी: सिस्को २५११, सोळा असिंक लाइनी (मोडेम जोडायच्या), त्यातल्या दोनच वापरात. मधे छोटं इंटरकॉम एक्स्चेंज, पलीकडे विंडोज ९८ चा लॅपटॉप. दोन्ही टोकं ॲनालॉग, त्यामुळे ३३.६ केबीपीएसच्या वर जायचं नाही. डीएनएससाठी, म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधून द्यायला, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर डीएनएसमास्क हा प्रोग्राम, पत्ता १९२.१६८.५.२.

माझा गैरसमज असा, की डीएचसीपीत (नेटवर्कवर पत्ते आपोआप वाटणारी सेवा) डीएनएस भरलाय तर डायल करणाऱ्यालाही तोच मिळेल. साफ चूक! विंडोज ९८ चं डायल-अप डीएचसीपीच्या वाटेला जातच नाही. आयपी आणि डीएनएस, दोन्ही पीपीपीच्या (फोन लाइनवरच्या जोडणीचा प्रोटोकॉल) आत, आयपीसीपी या त्याच्या पत्ते ठरवणाऱ्या भागाच्या वाटाघाटीत ठरतात.

राउटरवर ‘डीबग पीपीपी निगोशिएशन’ लावलं, म्हणजे ही वाटाघाट दिसते, आणि चोर सापडला. लॅपटॉप प्रायमरी डीएनएस म्हणून ०.०.०.० पाठवतो. हेक्समध्ये ८१ ने सुरू होणारा पर्याय, म्हणजे १२९. शून्यांचा अर्थ ‘मला ठाऊक नाही, तुम्हीच सांगा’. माझा राउटर त्यावर कॉन्फरेज देत होता, म्हणजे हा विषयच नको. खरं तर कॉन्फनॅक यायला हवा, म्हणजे ‘हा नको, हा घे’, आत खरा पत्ता घालून. मग लॅपटॉप तोच पत्ता पुन्हा मागतो आणि ॲक (मंजुरी) घेऊन गप्प बसतो. इथे नॅक मिळाला की पेढे वाटायचे.

हे पर्याय आरएफसी १८७७ या इंटरनेटच्या तांत्रिक कागदातले, डिसेंबर १९९५ चे. व्हीएसएनएलने आपल्याकडे इंटरनेट खुलं केलं ते त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला, म्हणजे तेव्हा हा कागद बाहेरही आलेला नव्हता. हाताने भरायचे डीएनएसचे आकडे वहीत लिहून ठेवायची सवय आठवली.

‘पीपीपी आयपीसीपी डीएनएस’ ही इंटरफेसवरची कमांड राउटरच्या जुन्या आयओएसला (सिस्कोची प्रणाली) कळली नाही. मग ग्लोबल मोडमध्ये ‘असिंक-बूटपी डीएनएस-सर्व्हर १९२.१६८.५.२’. पुढच्याच कॉलला नॅक! विन्सचे (विंडोजची नावं शोधणारी जुनी सेवा) दोन्ही पर्याय आणि सेकंडरी डीएनएस अजून रेज होतात. ते मी दिलेलेच नाहीत, तेव्हा बरोबरच आहे.

आणि तरीही नाव सापडेना. यात अख्खा रविवार गेला. पायवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पाकिटं दाखवणारं साधन) लावलं तर प्रश्न येताना दिसतो, उत्तर काही जात नाही. डेबियनच्या डीएनएसमास्कमध्ये ‘लोकल-सर्व्हिस’ आपोआप चालू असतं: स्वतःच्या सबनेटबाहेरून (पत्त्यांच्या गटाबाहेरून) आलेल्या प्रश्नाला तो दाद देत नाही. माझा डायल-इनचा पूल, म्हणजे डायल करणाऱ्यांना द्यायचे पत्ते, १९२.१६८.६०.० मधला. कॉन्फिगमध्ये ‘इंटरफेस=ईटीएच०’ लिहिलं की ती अट गळून पडते. पूल इथरनेटच्याच सबनेटमधून दिला असता तरी भागलं असतं, पण डायलवाले वेगळे दिसलेले मला बरे वाटतात.

लिनक्सवरून डायल करणाऱ्यांनी पीपीपीडीला (लिनक्सचा पीपीपी प्रोग्राम) ‘यूजपीअरडीएनएस’ सांगायला विसरू नका. नाहीतर तो डीएनएस मागतच नाही आणि तुम्ही राउटरला शिव्या घालत बसाल.

आता दुसऱ्या लाइनवरच्या पाहुण्यांना वेगळा डीएनएस द्यायचाय. ग्लोबल कमांडने ते जमणार नाही, म्हणून रेडिअस (प्रत्येक वापरकर्त्याची ओळख आणि सेटिंग सांभाळणारा सर्व्हर) उभा करतोय.