शेकरू तर सहज दिसतं, मग मोजायचं कशाला?

भीमाशंकरच्या रानात शेकरूंच्या, म्हणजे झाडांवर राहणाऱ्या मोठ्या खारींच्या, गणतीला जाते हे कळलं की बहुतेक जण एकच विचारतात : "अहो, आम्हाला तर देवळाजवळच दिसलं. मग मोजता कशाला?" तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते.

तुम्हाला दिसलेलं शेकरू माणसांना सरावलेलं असतं. (त्याला बिस्किटं देऊ नका, एवढं मात्र ऐकाच. खायच्या आशेनं ते खाली उतरतं आणि खाली कुत्री असतात.) आत रानात चाहूल लागली की ते फांदीला चपटं चिकटून बसतं. शेपटीसकट मीटरभर लांबीचा तांबूस प्राणी, पण समोर असून दिसत नाही.

म्हणून घरटी मोजतात. पानं-काटक्यांचा मोठा गोळा, जड शिकारी पोचणार नाही अशा बारीक फांद्यांवर बांधलेला. पण एकच शेकरू अनेक घरटी बांधतं, काही सोडूनही देतं. दहा घरटी म्हणजे दहा शेकरं नव्हेत. कुठलं घरटं वापरातलं आहे हे तिथले महादेव कोळी गडी पानांच्या ताजेपणावरून खालूनच सांगतात. जोडीला सकाळी ठरलेल्या वाटेनं सावकाश चालायचं आणि शेकरू दिसलं की ते वाटेपासून किती लांब होतं याची नोंद करायची. त्या अंतरांवरून न दिसलेल्यांचाही अंदाज बांधता येतो.

जगाचा विचार केला तर आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ही जात धोक्यातली नाही, पण संख्या घटते आहे अशी नोंद तिथंच आहे. मला त्या पहिल्या भागाचा दिलासा वाटत नाही. गुजरातेत डांगच्या रानात फिकट रंगाचं शेकरू होतं. ते तिथून नाहीसं झाल्याचं मानलं जातं. भीमाशंकरचं अभयारण्य 1985 साली झालं ते मुख्यतः शेकरूसाठी, आणि तेही जेमतेम 130 चौरस किलोमीटरचं.

शेकरूचं सगळं जगणं फांदीला फांदी लागण्यावर आहे. आज उंबर, उद्या जांभूळ, मग अंजनी. जिथं जे पिकलं असेल तिथं त्याला वरच्या वर जाता आलं पाहिजे. पाच-सहा मीटरची झेप ते घेतं. त्याहून मोठी फट पडली तर जमिनीवर उतरणं किंवा त्या बाजूचं रान सोडून देणं, एवढंच उरतं. रस्ता रुंद करताना दोन झाडं गेली तर कागदावर दोनच झाडं जातात, पण शेकरूचा त्या पलीकडचा सगळा डोंगरउतार जातो.

यावर 'माणसांना रानाबाहेर काढा' हा उपाय सुचवणारे भेटतात. मला तो साफ चुकीचा वाटतो. आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासी घरांत बाळहिरड्याचे, म्हणजे हिरड्याच्या कोवळ्या फळांचे, पैसे येतात. ज्याला दर वर्षी हिरडा हवा, तो हिरडा तोडत नाही. आहुप्यासारख्या गावांनी देवराया राखल्या त्या अभयारण्याच्या पाटीच्या कितीतरी आधी.

म्हणून गणतीच्या आकड्यापेक्षा मी दुसऱ्या नोंदीकडे जास्त लक्ष देते : शेजारच्या झाडाला फांदी लागते का? जिथं मागच्या वेळी 'हो' होतं आणि आता 'नाही' आहे, तिथं आधी तोड थांबवायची, मग जांभूळ, हिरडा, अंजनी लावायची. नवी झाडं वर एकमेकांना टेकायला कित्येक वर्षं जातात. तोवर उरलेल्या जोडफांद्या कुठं आहेत ते माहीत असायला हवं, आणि ते मोजल्याशिवाय कळत नाही.