आईचं ऑक्सिमीटर आणि लोणावळ्याचे स्वामी

मंगळवार

आज सकाळी आईशी वाजलं. फार नाही, पण चहा गार होण्याइतकं.

दादाने घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकलं होतं. प्राणायामाने रक्तातला प्राणवायू दुप्पट होतो, आता विज्ञानानेही ते मान्य केलंय, वगैरे. आईने ते वाचलं, कपाटातून कोविडच्या वेळचं ऑक्सिमीटर काढलं, अनुलोम-विलोमाच्या आधी बोटाला लावलं आणि झाल्यावर परत लावलं. आधी ९६, नंतर ९७. "बघ!" म्हणाली. चौऱ्याऐंशीव्या वर्षी बाईने प्रयोग केला आणि नोंदही ठेवली, कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाशेजारी. कौतुक करायचं सोडून मी मास्तरीण झाले. पस्तीस वर्षं फिजिऑलॉजीची प्रॅक्टिकल्स घेतल्यावर दुसरं काय होणार! म्हटलं, अगं, एका अंकाचा फरक हे यंत्र असाच दाखवतं. धडधाकट माणसाचं हिमोग्लोबिन साध्या श्वासातही ९५ टक्क्यांच्या वरच भरलेलं असतं. भरल्या हंड्यात आणखी किती ओतशील? दुप्पट कुठून होणार?

"मग मी रोज उगाच बसते का?"

मी कप उचलून स्वयंपाकघरात गेले.

दिवसभर डोक्यात लोणावळ्याचे योगसंशोधक स्वामी कुवलयानंद. हे असलं काहीतरी त्यांनी शंभर वर्षांपूर्वी निस्तरलं होतं, आणि आपण अजून तिथेच.

मूळचे जगन्नाथ गणेश गुणे. १८८३ साली बडोद्याजवळ डभोईला जन्म. संस्कृतात हुशार, आणि शरीर कमावलेलं बडोद्यात राजरत्न माणिकरावांच्या तालमीत. पुढे नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासजी भेटले आणि गुणे योगाकडे वळले. पोटापाण्याला मास्तरकी, तीही आपल्या खानदेशात, अमळनेरला. गुरूने क्रिया शिकवल्या, शिष्याने केल्या. इथपर्यंतची गोष्ट हजारो शिष्यांची आहे. पण या शिष्याने १९२० नंतरच्या दोनचार वर्षांत बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात नौली (पोट आत ओढून त्याचे स्नायू फिरवायची योगक्रिया) करणाऱ्याला क्ष-किरणांसमोर उभं केलं, त्याच्या मोठ्या आतड्यातला दाब मोजायला मॅनोमीटर लावला.

हठयोगातली बस्ती अशी : बेंबीपर्यंत पाण्यात उकिडवं बसायचं, गुदद्वारात नळी, आणि नौली केली की पाणी आपोआप वर चढतं. पिचकारी नाही, पंप नाही. का चढतं? एखाद्या भक्ताने 'सिद्धी' म्हणून हात जोडले असते. एखाद्या साहेबी डॉक्टरने 'थापा' म्हणून पाठ फिरवली असती. मॅनोमीटरने सांगितलं की नौलीच्या वेळी आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. म्हणजे सगळा श्वास सोडून, घसा मिटून, हवा आत न घेताच छाती फुगवली की छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा वर ओढला जातो, पोट पाठीला लागतं आणि आत पोकळी तयार होते. पोकळी झाली की पाणी चढणारच. पहिल्या वर्षाच्या पोरांना मी फळ्यावर आकृती काढून शिकवू शकले असते, इतकं सरळ. (शिकवलं मात्र कधीच नाही. अभ्यासक्रमात नव्हतं, हे कारण मला आज जरा लंगडं वाटतं.)

या पोकळीचं त्यांनी बारसं केलं : 'माधवदास व्हॅक्यूम'. गुरूचं नाव लोक मठाला देतात, घाटाला देतात, फार तर एखाद्या चौकाला. या माणसाने ते पाऱ्याच्या उतरलेल्या पातळीला दिलं. याहून मोठी गुरुदक्षिणा मला तरी सुचत नाही.

हेच माधवदासजी १९२१ मध्ये गेले तेव्हा शंभरीच्या बरेच पुढे होते असं सांगतात. ते वाचताना माझ्यातली मास्तरीण चुळबुळते. जन्माचा दाखला कुठाय? पण तो हिशोब सोडून देते. मनुष्य सगळ्याच गोष्टींना मॅनोमीटर लावत नाही. आईच्या वयालाही मी लावलेला नाही. तिची जन्मतारीख शाळेत मास्तरांनी लिहिली तीच.

ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्याला त्यांची योगसंशोधनाची संस्था, कैवल्यधाम, उभी राहिली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू झालं. त्यात शास्त्रीय, अर्धशास्त्रीय आणि सर्वसामान्यांसाठीचा असे वेगवेगळे विभाग असत. या वाटणीवर माझा फार जीव आहे. काय मोजून कळलंय, कशाबद्दल अंदाज आहे आणि लोकांनी करून काय बघावं, यांची ताटं वेगळी वाढायची. दादाच्या फॉरवर्डमध्ये सगळा काला असतो, वर विज्ञानाचं विरजण.

आणि प्राणवायूचं? प्राणायामाचा मोठेपणा जास्तीच्या प्राणवायूत आहे, ही समजूत स्वामींनीच खोडून काढली. स्वतःच्या गोटातलं सगळ्यात लाडकं स्पष्टीकरण! ते तसंच राहू दिलं असतं तर टाळ्या मिळाल्या असत्या. गांधीजींसारखा माणूस १९२७ च्या आजारपणात आसनांबाबत त्यांचा सल्ला घेत होता, म्हणजे ऐकणारे कमी नव्हते. तरी खोडलं. आणि प्राणायाम चालूच ठेवला. कारण चुकलं म्हणून क्रिया टाकून दिली नाही, आणि क्रियेपायी चुकीचं कारण सांभाळलं नाही. आईला सकाळी हे सांगायला हवं होतं. मी हंड्याची उपमा देऊन मोकळी झाले.

रात्री कॅलेंडर पाहिलं. आईने यंत्रावरचा दुसरा आकडाही लिहून ठेवला होता, नाडीचा. आधी ८४, नंतर ७२. त्याकडे दोघींचंही लक्ष गेलं नव्हतं.

बुधवार

आईला ८४ आणि ७२ दाखवले. श्वास मिनिटाला पाचसहांवर आला की हृदय त्या लयीत जातं, श्वास घेताना जरा भरभर, सोडताना सावकाश, हेही सांगितलं. ती खूश. मग मला राहवेना. म्हटलं, पण वीस मिनिटं नुसतं बसलं तरी नाडी उतरते. तेव्हा आज प्राणायाम न करता तेवढाच वेळ बस, मग तुलना करू.

"नुसतं बसायचं म्हणजे काय करायचं?"

"काहीच नाही."

बसली. वीस मिनिटांनी ८३ वरून ७१. मी म्हटलं, बघ, म्हणजे नुसत्या बसण्यानेही... तर म्हणाली, "नुसती कुठे? दोनदा रामरक्षा झाली मनात. एवढा वेळ रिकामं कोण बसेल?"

झालं. प्रयोग बाद. आता उद्या तिसरा करू म्हणेपर्यंत तिने ऑक्सिमीटरचे दोन सेल काढून टीव्हीच्या रिमोटमध्ये घातले होते. तो कालपासून चालत नव्हता.