पाचव्या महिन्यातला ताप आणि गच्चीवरची टाकी

2024च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्यात शिरलं, तेव्हा मला चौथा महिना लागला होता. ऑक्टोबरात ताप सुरू झाला. एक दिवसाआड, दुपारी. आधी दात वाजवणारी थंडी, मग ताप, मग घामाने गाऊन चिंब. जवळच्या एका दवाखान्यातून दोनदा 'व्हायरल आहे' म्हणून पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवलं, रक्त काही तपासलं नाही. मधल्या दिवशी बरं वाटायचं, म्हणून मीही गप्प राहिले. गरोदरपणात तसं राहायला नको होतं.

आमच्या वस्तीच्या आशाबेन, म्हणजे आशा सेविका, माझं ममता कार्ड (गरोदरपणाच्या तपासण्यांची नोंद) बघायला आल्या आणि माझा चेहरा बघूनच म्हणाल्या, "ताव आवे छे?" ताप येतो का? पिशवीतून किट काढलं, बोटाला टोचलं, रक्ताचा थेंब पट्टीवर सोडला, वर द्रावणाचे थेंब टाकले. पंधरा-वीस मिनिटं आम्ही दोघी त्या पट्टीकडे बघत बसलो. एकीऐवजी दोन रेघा उमटल्या. व्हायवॅक्स, मलेरियाचा एक प्रकार.

त्याच दिवशी आरोग्य केंद्रात गेले. क्लोरोक्विन तीन दिवस: 4 गोळ्या, 4 गोळ्या, मग 2. सासूबाईंना धास्ती होती, "पोटुशीला इतकं गरम औषध?" डॉक्टरांनी त्यांनाच समोर बसवून सांगितलं की ही गोळी गरोदरपणात चालते. मलेरिया अंगात राहिला तर मात्र आईचं रक्त कमी होतं आणि बाळ कमी वजनाचं जन्मतं. माझं हिमोग्लोबिन तेव्हा 8.9 होतं.

पण खरी काळजी पुढेच होती. व्हायवॅक्सचे जंतू यकृतात दडून राहतात आणि पुन्हा ताप आणतात. त्यांना मारणारं प्रायमाक्विन गरोदर बाईला देता येत नाही. म्हणजे बाळंतपणापर्यंत परत ताप आला तर लगेच तपासणी, आणि नवा डास चावू द्यायचा नाही, एवढंच आमच्या हातात. माझी नणंद मोझांबिकला असते. तिला तिथे चौथ्या महिन्यापासून दर महिन्याला प्रतिबंधाच्या गोळ्या दिल्या होत्या. मी तेच मागितलं, तर कळलं की आपल्याकडे गरोदरपणात अशा गोळ्या सरसकट देत नाहीत. आपला भर मच्छरदाणी आणि लवकर तपासणीवर.

मग आशाबेन गच्चीवर गेल्या. आम्ही सगळे पुराच्या घाणीला दोष देत होतो. त्यांनी टाकीचं तडकलेलं झाकण सरकवलं, टॉर्च मारला. स्वच्छ पाण्यावर बारीक अळ्या आडव्या तरंगत होत्या, काडीच्या तुकड्यांसारख्या. "उलटं डोकं करून लटकतात त्या दुसऱ्या डासांच्या. मलेरियाच्या अशा सपाट पडून असतात," त्या म्हणाल्या. शहरातला हा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो. आमचंच प्यायचं पाणी! अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून दर रविवारी टाकी घासून कोरडी करायचं काम ह्यांनी घेतलं. नवं झाकण बसलं. कूलरही रिकामा करून ठेवला.

मच्छरदाणीत उकडायचं, झोप लागायची नाही. तरी रोज संध्याकाळीच लावायची, कडा गादीखाली खोचायच्या. आशाबेन दर पंधरवड्याला यायच्या, ताप विचारायच्या. डिसेंबरात एकदा कणकण वाटली. त्याच संध्याकाळी किट, निगेटिव्ह. तेव्हा मी रडले.

फेब्रुवारीत मुलगी झाली, 2 किलो 700 ग्रॅम. ती सहा महिन्यांची झाल्यावर आम्हा दोघींची जी-सिक्स-पीडी तपासणी केली, म्हणजे प्रायमाक्विनने (बाळाला ते दुधातून जातं) रक्तपेशी फुटण्याचा धोका आहे का ते पाहिलं, आणि मग मला प्रायमाक्विनचा 14 दिवसांचा कोर्स मिळाला. शेवटची गोळी घेतली त्या दिवशी आशाबेनना फोन केला. त्या खालच्या मजल्यावरच होत्या, नव्या भाडेकरणीला तिसरा महिना लागलाय म्हणून.