वाफ की नुसते उकळते पाणी?

‘घेतलेल्या विजेच्या कितीतरी पट उष्णता देणाऱ्या’ यंत्राचे प्रात्यक्षिक पाहण्यास कोथरूडच्या एका मित्राने बोलावले, तेव्हा मला २०११ साली इटलीत दाखवल्या गेलेल्या ई-कॅट या, असाच दावा असलेल्या यंत्राचा वाद आठवला. तेथेही वाफ खरोखर कोरडी (पाण्याचे थेंब नसलेली) होती का, हाच प्रश्न होता. एक किलो पाणी २० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवण्यास सुमारे ३३५ किलोज्यूल लागतात, त्याची पूर्ण वाफ करण्यास मात्र आणखी सुमारे २,२५७. त्यामुळे नळीतून उकळते पाणीच वाहत असताना हिशेब वाफेचा मांडला, तर उष्णता जवळजवळ आठपट भासते. मी सुचवले की वाफ आधी वजन केलेल्या थंड पाण्याच्या पिंपात सोडावी (ते पाणी किती तापले यावरून खरी उष्णता कळते), वीजमापक आपलाच असावा आणि प्रत्येक तार (अर्थिंगचीसुद्धा) आपण तपासावी. यंत्राच्या आत काय आहे ते खुशाल गुपित ठेवा. यंत्रमालकांना पिंपाची अट पसंत पडली नाही.