'जागरूक नागपूरकर'चा नंबर

वाचकांच्या कमेंट्स तपासणं हे माझं काम. बातमीखाली कुणी काही लिहिलं की ते आधी माझ्या स्क्रीनवर येतं. मी 'मंजूर' दाबलं की लोकांना दिसतं, 'काढा' दाबलं की गेलं. नागपुरातल्या आमच्या साइटवर खरं नाव द्यायची सक्ती नाही, त्यामुळे माझ्या रोजच्या ओळखीतली माणसं म्हणजे 'विदर्भाचा वाघ', 'सत्यवचनी' आणि 'एक त्रस्त'. यांच्यात सगळ्यात तापट 'जागरूक नागपूरकर'. बातमी बाईच्या नावानं छापली गेली की हा हमखास हजर, आणि पहिलीच ओळ तिच्या दिसण्यावर. त्याचं निम्मं लिखाण माझ्यापलीकडे कधी गेलंच नाही.

२३ सप्टेंबर २०२३ ला शनिवार होता. आदल्या दिवशी महालक्ष्म्यांची जेवणं झालेली, फ्रीजमध्ये सोळा भाजी उरलेली, आणि आता विसर्जन. मध्यरात्रीनंतर पाऊस लागला तो थांबेचना. काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पडला. अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि नागनदी काठ सोडून वस्तीत शिरली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, सगळीकडे तळमजले पाण्यात. मोरभवनला एसटीच्या गाड्या पाण्यात उभ्या. ऑफिसला जायचा प्रश्नच नव्हता, मी घरूनच लॉगिन केलं.

पहिल्या बातमीखालची पहिली कमेंट होती, "भोगा आता. नदीकाठी बंगले बांधताना अक्कल कुठं गेली होती?" खाली पूर्ण नाव, आडनावासकट. फोटोत बायको, दोन पोरं आणि नवी गाडी. शिवी नव्हती म्हणून नियमाप्रमाणे ती मंजूर झाली, आणि पाठोपाठ त्याच चालीवरच्या कमेंट्सची रांग लागली. एका बाईंनी लिहिलं, "महालक्ष्म्या मांडलेल्या आहेत, मुखवटे पाण्यात तरंगून राहिले. सासूबाई पलंगावरून उतरायला तयार नाहीत. कुणीतरी या हो." त्यावर एका गृहस्थांचं उत्तर: "आधी देव वाचवा, सासूचं नंतर बघू." पुढे हसण्याचे पाच चेहरे. यांचंही नाव खरंच होतं, कंपनीचं नाव आणि हुद्दासुद्धा दिलेला. ती मी काढली.

मग 'जागरूक नागपूरकर' दिसला. सवयीनं बोट 'काढा'कडे गेलंच होतं. पण लिहिलं होतं, "हे छापू नका. आमच्या मागच्या गल्लीत एक आजी ऑक्सिजनच्या मशीनवर आहेत. लाइट गेली. छोटं सिलिंडर आहे, किती वेळ पुरंल सांगता येत नाही. मुलगा पुण्याला. हा माझा नंबर."

मी लगेच फोन लावला.

"हो मॅडम, मीच. पाणी वाढून राहिलं ना जी. कमरेच्या वर आलं. मी जाऊन आलो, पण एकट्यानं नाही उचलता येत त्यांना."

आवाज पन्नाशीच्या पुढचा, दमलेला, आणि इतका अदबशीर की हाच तो यावर विश्वास बसेना. पत्ता घेतला, कंट्रोल रूमला कळवला, त्या भागात असलेल्या आमच्या रिपोर्टरलाही दिला. ही रिपोर्टर तीच, जिच्या दिसण्यावर याचं सगळ्यात जास्त लिखाण. मी त्याला तिचं नाव सांगितलं. दोन क्षण नुसता पावसाचा आवाज.

"मॅडम, माझ्या कमेंट्स तुम्हीच काढता ना?"

"हो."

"रागावू नका जी. मी बातमीवर लिहितो. माणसावर थोडीच लिहितो."

त्याला हे मनापासून वाटत होतं. बातमीच्या डोक्यावर तिचं नाव ठळक छापलेलं असतं, पण त्याच्या लेखी तिथं कुणी बसलेलंच नव्हतं. आठवडाभर आधी मारबतीच्या, म्हणजे इडापिडा घालवायच्या पुतळ्याच्या, मिरवणुकीत याच शहरानं 'घेऊन जा गे मारबत' म्हणून घसा बसवला होता. बडग्यांवर, म्हणजे त्याच मिरवणुकीतल्या टीकेच्या पुतळ्यांवर, मंत्र्यासंत्र्यांना काय काय लिहिलेलं असतं! पण बडग्या कुठल्या मंडळाचा, ओढतंय कोण, हे अख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक असतं.

आजींना बोटीतून काढलं. त्यानंतर दुपारपर्यंत 'जागरूक नागपूरकर' छापण्यासाठी लिहीत होता: पाण्यात उतरण्याआधी मेन स्विच बंद करा, इन्व्हर्टर उंचावर ठेवा, या गल्लीतून जाऊ नका, चेंबरचं झाकण वाहून गेलं आहे. मी त्या कमेंट्स सगळ्यात वर चिकटवल्या. खालचा सूर बदलत गेला. कुणी गादी देऊ केली, कुणी जेवण, कुणी इन्सुलिन ठेवायला फ्रीज. सकाळचे 'भोगा'वालेही गप्प झाले. एकानं तर स्वतःची कमेंट स्वतःच काढली.

पुढच्या आठवड्यात संपादकांनी बैठक घेतली. सकाळची घाण त्यांनी पाहिली होती, त्यामुळे उपायही तयार होता: खरं नाव द्या, तरच लिहा. मी म्हटलं, सर, त्या दिवशीची सगळ्यात खालच्या पातळीची कमेंट हुद्द्यासकट आली होती. शिवाय दक्षिण कोरियानं हे करून पाहिलंय. २००७ पासून तिथं मोठ्या साइट्सवर ओळख पटवल्याशिवाय कमेंट करता येत नव्हती. शिवीगाळ फारशी हटली नाही. २०११ मध्ये एका कंपनीकडून साडेतीन कोटी लोकांची माहिती मात्र चोरीला गेली. २०१२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं तो कायदा एकमतानं रद्द केला. आणि हिंगणा एमआयडीसीतला कामगार ठेकेदाराविरुद्ध लिहितो तो टोपणनाव आहे म्हणूनच. खरं नाव मागितलं तर तो आधी जाईल, हुद्देवाले इथंच राहतील.

संपादकांनी झिंबार्डो या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग काढला. १९६९ चा, डोक्यावरून टोप्या ओढलेल्या मुलींनी समोरच्याला जास्त वेळ विजेचे झटके दिले तो. (झटके खोटे होते, मुलींना ते माहीत नव्हतं.) पण त्याचा पुढचा भाग फार कुणी सांगत नाही. १९७९ मध्ये तसाच प्रयोग नर्सच्या पोशाखात केला, तेव्हा ओळख लपलेल्या बायकांनी झटके उलट कमी केले. अंगावर जो वेश, तसं वागणं. आमच्याकडे तो वेश पहिली कमेंट ठरवते, असं माझं म्हणणं. २०१२ मध्ये इस्रायलच्या दोन संशोधकांना आणखी एक दिसलं: नाव लपण्यापेक्षा डोळ्याला डोळा न भिडणं माणसाला जास्त उद्धट करतं. फोनवर डोळे नव्हते हे खरं, पण निदान समोरून 'हो' म्हणणारं कुणीतरी होतं.

बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं ते इतकंच: नाव मागायचं नाही, पण मोठी बातमी आली की पहिला अर्धा तास आमच्यातल्या कुणीतरी खाली स्वतःच्या नावानं बसायचं, उत्तरं द्यायची आणि कामाची कमेंट वर घ्यायची. त्यानं फरक पडलाय असं मला वाटतं. संपादकांना वाटत नाही.

नोव्हेंबरात वर्ल्ड कपची फायनल हरलो त्या रात्री 'जागरूक नागपूरकर' परत मूळ रूपात. बातमी त्याच रिपोर्टरची, पहिली ओळ तीच. या वेळी मी माझ्या नावानं उत्तर दिलं, "हे बातमीवर नाही, माणसावर आहे. काढतेय."

मिनिटाभरात उत्तर आलं. "काढा ना जी. पण पिच स्लो होती का नाही, ते तर सांगा."